पावसाचा खंड आणि शेतकऱ्याचे खाते

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे त्या एकराला सुमारे ४,००० लिटर पाणी मिळाले. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एकरी पंचवीस-तीस लाख लिटर. सोयाबीनला पेरणीपासून कापणीपर्यंत ४५० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. कागदावर हा हिशेब मांडला, तर पाऊस सरासरीपेक्षा थोडा कमी झाला तरी पीक निभावून जायला हवे. प्रत्यक्षात मात्र सरासरीइतका पाऊस होऊनही शेत हातचे गेल्याची वर्षे या भागातील शेतकऱ्यांच्या चांगलीच आठवणीत आहेत. हे कसे घडते आणि शेतातले नुकसान पुढे घराच्या, गावाच्या व बाजाराच्या व्यवहारात कसे पसरत जाते, हे या लेखात पाहू.

पीक सरासरीवर जगत नाही, ते रोजच्या पाण्यावर जगते. भर वाढीतले सोयाबीन दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी वापरते. पाऊस रोज पडत नाही, त्यामुळे मधल्या दिवसांत पिकाला पाणी पुरवण्याचे काम जमीन करते. जमीन हा एक हौद आहे असे समजा. दीड फूट खोलीखाली मुरूम लागणाऱ्या हलक्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी जेमतेम ५० मिलिमीटर मावते, तर तीन-चार फूट खोल काळ्या जमिनीत दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मावते. दोन्ही हौद काठोकाठ भरलेले असताना पाऊस थांबला, तर पहिल्या जमिनीतले पाणी दहा दिवसांत संपेल आणि दुसऱ्या जमिनीतले महिनाभर पुरेल. तीन आठवड्यांचा खंड पडला की एकाच गावात, एकाच बांधाच्या अलीकडचे सोयाबीन माना टाकते आणि पलीकडचे तग धरते, त्याचे कारण हे आहे. हौद लहान असेल तर एका रात्रीत पडलेल्या १२० मिलिमीटर पावसाचा उपयोगही मर्यादित राहतो. मावेल तेवढे मावते, उरलेले ओढ्याला जाते आणि जाताना वरची माती घेऊन जाते. पर्जन्यमापकात मात्र त्या रात्रीचे सगळेच १२० मिलिमीटर जमा होतात आणि तालुक्याची सरासरी झकास दिसू लागते.

पाणी कमी पडू लागले की रोप काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे. पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या छिद्रांतून रोप हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की रोप ही रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न तयार करण्याचे कामही मंदावते, आणि वाफेबरोबर बाहेर जाणारी उष्णता अडकून पान तापते. दुष्काळातले रोप तहानेने मरते असे आपण म्हणतो, पण मरण्याच्या कितीतरी आधीपासून ते उपाशी असते. सोयाबीन आणि तूर यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर हवेतला नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात, आणि कोरड्या मातीत त्यांचेही काम थंडावते. अशा अशक्त पिकावर फुलकिडे, पांढरी माशी, कोळी या रस शोषणाऱ्या किडींचा जोर वाढतो, म्हणजे उत्पन्न घटत असतानाच फवारणीचा खर्च वाढतो.

खंड किती दिवसांचा पडला याइतकेच तो केव्हा पडला याला महत्त्व असते. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी दहा-बारा दिवस पाऊस थांबला, तर सोयाबीनची वाढ थोडी खुंटते, मुळे खोल जातात, आणि नंतरच्या पावसात बरेचसे नुकसान भरून निघते. हाच खंड फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पडला, तर फुले गळतात, शेंगा चपट्या राहतात, दाणा बारीक आणि सुरकुतलेला येतो, आणि पुढे कितीही पाऊस पडला तरी गळलेले फूल परत येत नाही. कापसात हीच गोष्ट पातेगळीच्या, म्हणजे कळ्या गळण्याच्या, रूपाने दिसते. ज्वारीत पोटरीपासून, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असल्यापासून, दाणे भरेपर्यंतचा काळ असाच नाजूक असतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेले मराठवाड्यातील सोयाबीन नेमके त्याच महिन्यात फुलावर आणि शेंगांवर होते. सप्टेंबरात पाऊस परतला, त्याने हंगामाच्या बेरजेत भर पडली, पण त्या सोयाबीनच्या दाण्यांत फारशी पडली नाही.

पेरणीच्या वेळची चूक आणखी महाग पडते. किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसत असताना, आणि उशिरा पेरलेले पीक शेवटी पाण्यात सापडेल ही भीती असताना, हात आखडून बसणे सोपे नसते. पेरलेले उगवले आणि करपले की दुबार पेरणी येते. बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा लागते, आणि पहिल्या खेपेचे पैसे उसने आणलेले असतील तर दुसऱ्या खेपेचे बहुधा अधिक चढ्या व्याजाने आणावे लागतात.

येथपर्यंत आपण शेतातले नुकसान पाहिले. आता तेच नुकसान पैशांत मांडू, कारण शहरातल्या वाचकाची गल्लत मला येथेच होताना दिसते. ‘उत्पादनात २५ टक्के घट’ अशी बातमी वाचली की शेतकऱ्याचे उत्पन्न चौथाईने कमी झाले असेल असे वाटते. उदाहरणादाखल आकडे धरून पाहू. एका एकर सोयाबीनला नांगरट, बियाणे, खत, फवारणी, तण काढणे, कापणी आणि मळणी मिळून २०,००० रुपये खर्च आला, आणि बरे वर्ष असताना ८ क्विंटल उतारा मिळून ४,५०० रुपये भावाने ३६,००० रुपये हाती आले, असे समजा. शिल्लक १६,००० रुपये. आता उतारा चौथाईने घटून ६ क्विंटलवर आला, तर हाती २७,००० रुपये येतील. खर्च बहुतेक सगळा आधीच झालेला आहे, त्यामुळे शिल्लक ७,००० रुपयांची. पीक २५ टक्क्यांनी घटले, आणि घरात येणारा पैसा ५६ टक्क्यांनी घटला. उतारा ३ क्विंटलवर आला तर ६,५०० रुपये पदरचे जातात, मग शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हा येतो की कापणी-मळणीला आणखी पैसे घालावेत की उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवावा. शेतीचा खर्च पावसाआधी होतो आणि उत्पन्न पावसानंतर येते. कोरडवाहू शेतीच्या अर्थकारणातली निम्मी अडचण या एका वाक्यात आहे.

धान्य कमी पिकले की भाव वाढून शेतकऱ्याची भरपाई होत असेल, असाही एक समज आहे. तो काही पिकांपुरता आणि काही शेतकऱ्यांपुरताच खरा आहे. सोयाबीनचा भाव ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या पिकावर, पेंडीच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयातशुल्कावर हलतो. लातूरच्या शिवारात सोयाबीन करपले म्हणून लातूरच्या आडतबाजारात भाव चढेलच असे नाही. तुरीचे तसे नाही. तुरीचा सर्वांत मोठा उत्पादकही भारत आणि सर्वांत मोठा ग्राहकही भारत. म्हणून २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे पाठोपाठ तुटीची गेली तेव्हा २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या वर गेली. त्या भावाचा लाभ ज्याच्या पोत्यात तूर होती त्याला झाला, आणि दुष्काळी तालुक्यांतील बहुसंख्य शेतकऱ्यांच्या पोत्यात ती नव्हती. उलट त्यांनाही तीच डाळ दुकानातून विकत घ्यावी लागली.

येथे पीकबदलाचा एक मुद्दा येतो आणि त्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही. मराठवाड्यात आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या पूर्व भागात ज्वारी हे केवळ धान्य नव्हते. ज्वारीच्या पानांवर मेणासारखा थर असतो, मुळे खोल जातात, आणि पाणी तुटले की ती वाढ थांबवून काही दिवस थबकू शकते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ही रब्बी ज्वारी तर परतीच्या पावसाने खोल जमिनीत साठवलेल्या ओलीवरच येते. शिवाय दाणे कमी भरले तरी कडबा हाती लागतो. म्हणजे एका पिकात माणसाच्या भाकरीचा आणि जनावराच्या वैरणीचा असा दोन्हींचा विमा होता. गेल्या तीन दशकांत ही जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघते, त्याला रोख भाव मिळतो, आणि ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत. परंतु सोयाबीनचे पीक घरात शिजत नाही आणि त्याचा भुसा कडब्याची जागा भरून काढत नाही. पूर्वी दुष्काळात घरातले धान्य कमी पडे. आता दुष्काळात रोख पैसा, धान्य आणि वैरण ही तिन्ही एकाच वेळी विकत घेण्याची पाळी येते.

वैरणीवरून जनावरांकडे वळू. दुष्काळात घराच्या पुंजीला पहिला हात बहुधा गोठ्यात लागतो. सप्टेंबरात खरीप गेल्याचे कळते आणि ऑक्टोबरात रब्बीची ओल नसल्याचे कळते, तोपर्यंत कडब्याची पेंढी महाग झालेली असते. रोजचा चारा विकत घेऊन बैलजोडी जगवणे म्हणजे न मिळणाऱ्या कामासाठी पगार देणे. मग आधी भाकड जनावर, मग बैल, आणि अगदी शेवटी दुभती म्हैस बाजारात जाते. सगळ्या तालुक्यातून एकाच वेळी जनावरे विक्रीला आल्यामुळे भाव कोसळलेले असतात. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की सगळ्यांना एकाच वेळी बैल हवे असतात, आणि तेव्हा भाव चढलेले असतात. माणदेशातल्या खिल्लार किंवा लातूर भागातल्या देवणी जनावराचा मालक या खरेदी-विक्रीत जो तोटा सोसतो तो पीक उत्पादनाच्या कोणत्याही आकडेवारीत येत नाही. शेणखत कमी झाले की जमिनीतला सेंद्रिय अंश कमी होतो, आणि सेंद्रिय अंश कमी म्हणजे वर सांगितलेला ओलीचा हौद आणखी उथळ. २०१२-१३ पासून बीड, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या भागांत वेळोवेळी उघडलेल्या चारा छावण्यांकडे दयेची बाब म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ती पुढच्या हंगामाची शेती वाचवण्याची गुंतवणूक आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य साठते, आणि भुकेल्या जनावराने ती खाल्ली तर ते दगावू शकते. शेतकरी याला किराळ लागणे म्हणतात.

गोठ्यानंतर सोने, आणि सोन्यानंतर कर्ज. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याज जवळजवळ पूर्ण माफ होते. ही सवलत चांगली आहे, पण तिची अट मुदतीची आहे आणि मुदत चुकते ती नेमकी दुष्काळात. खाते थकले की सवलतीचे व्याज संपते आणि पुढच्या वर्षीचे नवे कर्जही अडते. सरकारने दुष्काळ जाहीर केल्यावर कर्जाचे पुनर्गठन होते, म्हणजे फेडीचे हप्ते पुढे ढकलले जातात. परंतु कर्ज नाहीसे होत नाही, ते पुढच्या दोन-तीन सुगींवर वाटले जाते. बँकेचे दार बंद झाले की कृषी सेवा केंद्राची उधारी आणि सावकार उरतात. दुकानदाराची उधारी वसूल झाली नाही तर त्याचे भांडवल अडकते, आठवडी बाजारात कापडाची, भांड्यांची विक्री मंदावते, ट्रॅक्टरवाल्याला काम मिळत नाही, घरबांधणी थांबते आणि गवंडी बसून राहतो. लग्ने पुढे जातात, किंवा मुलींची लवकर उरकली जातात. शेतात मळणी न झाल्याचा फटका ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याच्यापर्यंत असा पोहोचतो.

त्या भूमिहीनांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. नुकसानीचा पंचनामा शेताचा होतो आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. बटाईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नवऱ्याच्या नावाची शेती आयुष्यभर करणाऱ्या बाईचे नसते. शेतमजुराचे तर नसतेच. कापूस वेचणीला आलाच नाही, तर वेचणीची मजुरी बुडालेल्या बाईला कोणत्याही पंचनाम्यात रकाना नाही. तिच्यापुढे उरतो तो उसाचा फड. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हिवाळ्यात लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून जोडीने उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जायचा, आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती उचल फेडायची. दुष्काळात उचल घेणारे वाढतात. ऊसही दुष्काळाने कमी झालेला असला तर काम लवकर संपते, उचल फिटत नाही, आणि बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. मुलांची शाळा मधल्या सहा महिन्यांत सुटते ती अनेकदा कायमची सुटते.

आता शासनाच्या मोजमापाकडे येऊ. पूर्वापार पद्धत आणेवारीची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून गावाचे पीक किती आणे आले ते ठरवायचे. आज तिला पैसेवारी म्हणतात, आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त मानण्याची पद्धत रुजली. आधी नजर अंदाज, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम, अशी ती जाहीर होते. म्हणजे ऑगस्टात पडलेल्या खंडाची अंतिम नोंद डिसेंबरात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नवी दुष्काळ संहिता आणली. तिच्यात पावसाची तूट, खंडाचे दिवस, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, भूजल आणि धरणसाठा असे निर्देशांक आले. त्यानुसार २०१८ च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत. उरलेल्या अनेक महसूल मंडळांत पुढे ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर करून सवलती द्याव्या लागल्या. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, टँकर अशा त्या सवलती. यातल्या परीक्षा फीच्या माफीला कुणी किरकोळ समजू नये. अनेक घरांत मुलीचे शिक्षण टिकते की सुटते, हे तेवढ्या पैशांवरही ठरू शकते.

पीक विम्याचे गणित थोडे किचकट आहे, पण ते प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यात मंडळाचे ‘उंबरठा उत्पादन’ ठरवले जाते. मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उताऱ्याच्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला ठरलेल्या जोखीमस्तराने, समजा ७० टक्क्यांनी, गुणायचे. एका मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उतारे १४, ६, १५, १३, ५, ७ आणि १२ क्विंटल असे समजा. त्यातली ५ आणि ६ ही दोन वाईट वर्षे गळतात. उरलेल्या पाचांची सरासरी १२.२ येते आणि तिचे ७० टक्के म्हणजे सुमारे ८.५ क्विंटल. यंदाचा उतारा ६ क्विंटल आला, तर नुकसान ८.५ च्या मानाने मोजले जाते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. चांगल्या वर्षीच्या १४ क्विंटलशी तुलना केली तर शेतकऱ्याचे ५७ टक्के पीक गेलेले असते. दोन वाईट वर्षे वगळण्याची सोय आहे, पण सातांत तीन दुष्काळ पडले की तिसरा सरासरीत शिरतो आणि उंबरठा खाली ओढतो. ज्या भागाला विम्याची गरज सर्वांत जास्त, त्या भागाचे संरक्षण अशा रीतीने वर्षागणिक पातळ होत जाते. यात विमा कंपनीची लबाडी शोधण्याची गरज नाही, सूत्रच तसे आहे, आणि बदलायचे असेल तर सूत्र बदलावे लागेल.

जमिनीवरचे पाणी संपले की माणूस जमिनीखाली जातो. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बसाल्ट खडकाचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. गंगा-यमुनेच्या गाळात जसे पाणी मावते तसे या खडकात मावत नाही. ते भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी जेवढे मुरते तेवढेच जवळपास वापरायला मिळते. एक विहीर आटली म्हणून बोअर घ्यायचे, ते आटले म्हणून आणखी खोल, असे करताना शेतकरी पाणी निर्माण करत नाही. बहुधा तो शेजाऱ्याच्याच भेगेतले पाणी ओढतो आणि त्या बदल्यात कर्ज घेतो. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाचवण्यासाठी लोकांनी विकतचे टँकर झाडांच्या बुंध्याशी ओतले. बाग वाळली की एका हंगामाचे नुकसान होत नाही. नवे झाड लावून फळ येईपर्यंतची पाच-सहा वर्षे जातात. याच मराठवाड्यात ऊसही उभा असतो, आणि त्याला एका हंगामात २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते, ज्वारीच्या साधारण चौपट. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी हे पाहावे की खात्रीचा गिऱ्हाईक आणि कायद्याने ठरलेला भाव एकत्र असलेले दुसरे पीक त्याच्यासमोर क्वचितच असते. तरीही २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या पाण्याच्या अभावामागे पावसाच्या तुटीबरोबर हे पीकगणितही होते.

मग कोरड्या भागात शेती तगते कशी? उत्तर पुन्हा मिलिमीटरमध्येच आहे. फुलोऱ्यातल्या सोयाबीनला किंवा तुरीला खंडाच्या वेळी ५० मिलिमीटर पाण्याची एक पाळी मिळाली, तर बुडणारा हंगाम अनेकदा वाचतो. एका एकराला ही पाळी म्हणजे दोन लाख लिटर. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे बाष्पीभवन वजा जाता चार-पाच एकरांना संकटकाळी एक-दोन पाळ्या देता येतात. हे गणित पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेल्या तळ्याचे आहे. बोअरचे पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवले, तर सगळ्यांचे भूजल एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात त्याचा मोठा भाग उडून जातो. शेताबाहेर दिसणारा निळा चौकोन दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो, म्हणून हा फरक सांगावा लागतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, रुंद वरंबा-सरीवर पेरणी, आणि मुळाशी काडीकचऱ्याचे आच्छादन या गोष्टी त्या मानाने साध्या आहेत आणि त्यांनी खंडाचे आठ-दहा दिवस पुढे ढकलता येतात.

पाणी किती साठवले यापेक्षा ते कसे वाटले, हा प्रश्न अवघड आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिच्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरवला होता, भूमिहीनालाही वाटा होता, आणि उसाला मनाई होती. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि पाऊस कमी झाला असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घेण्यावर तेथे बंदी आहे. बंधारे शेकडो गावांत झाले, पण असा निर्णय फार थोड्या गावांनी टिकवला. पैसा मिळाला की बंधारा होतो, हा निर्णय मात्र शेजाऱ्याशी वाईटपणा घेण्याची तयारी मागतो.

१९७२ च्या दुष्काळाचा आणखी एक वारसा आहे. त्या वेळी धान्य नव्हते, लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली, पण लाखो लोकांना सरकारी कामावर मजुरी मिळाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव भागात आजमावून पाहिलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ चा, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी आला. सातबारा नसलेल्या माणसाला दुष्काळात थेट पोहोचणारी मदत अजूनही प्रामुख्याने हीच आहे, आणि तीही मजुरी वेळेवर मिळाली तर.

शेवटी एका दुष्काळाचा माग त्याच्या टोकापर्यंत काढू. २०१४ आणि २०१५ मध्ये पाऊस कमी झाला, पिके गेली, जनावरे विकली गेली, कर्जे थकली. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षीचा भाव पाहून लोकांनी तूर भरपूर पेरली आणि ती विक्रमी पिकली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारातला भाव त्याखाली गेला, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारी खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. काही ठिकाणी बारदाना संपल्याने खरेदी थांबली. मृग तोंडावर आला तरी पैसे हाती नव्हते. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. ती ३० जून २०१६ रोजी थकलेल्या खात्यांसाठी होती, म्हणजे ज्या दोन वर्षांत पाऊस झाला नव्हता त्यांचीच बाकी चांगल्या पावसाचे एक संपूर्ण वर्ष उलटून गेल्यावरही खात्यावर उभी होती.